लेकीच्या कादंबरीला घातलेली अट

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने इंग्रजीत कादंबरी लिहिली आहे. न्यूयॉर्कच्या एका लिटररी एजंटने ती पसंत केली असून प्रकाशकांपुढे मांडण्यासाठी ८५ हजार रुपये मागितले आहेत. त्यातले पाच हजार परवा नोंदणीचे म्हणून भरले. बाकीचे ठेव मोडून भरेन. मात्र वर्षभरात पुस्तक आलं नाही तर तिने लिहिणं सोडून बँकेच्या परीक्षेला बसायचं, असं ठरलं आहे. योग्य आहे ना? – एक पालक, तासगाव

नमस्कार. ठेव मोडू नका. तो माणूस एजंट नाही, भामटा आहे.

त्याचा मेल तुम्ही सोबत पाठवलात, बरं झालं. मुलीने तीनशे पानं संध्याकाळी पाठवली आणि सकाळी उत्तर हजर : ‘प्रेम आणि नियतीची हृदयस्पर्शी गाथा.’ मी तिची पहिली वीस पानं वाचली. त्यात बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या बायका आहेत. गंधकाच्या धुरीने चुरचुरणारे डोळे पदराने पुसत मुकादमाशी हजेरीवरून भांडणारी पारूबाई आहे. मेलमध्ये पारूबाई नाही, बेदाणा नाही, शेड नाही. कादंबरीचं नाव बदललं की तोच मेल कुणालाही धाडता येईल.

पण मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या अटीची. लेकीसाठी ठेव मोडायला निघालेल्या बापाची माया मला दिसते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. तिला लिहिता येतं की नाही, याचा निकाल तुम्ही एका ठगाच्या हाती दिलात. वर्षात पुस्तक येणार नाही, कारण त्याला ते आणायचंच नाही. मग घरात बोललं जाईल, ‘संधी दिली होती, तुला जमलं नाही.’ विसाव्या वर्षी ती पोर ते खरं मानेल, वर वडिलांची ठेव आपल्यापायी गेली हेही मनाला लावून घेईल. ‘असं ठरलं आहे’ म्हणता, ते कुणी ठरवलं? अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीतही नाही. खऱ्या, नामांकित एजंटने हस्तलिखित घेतलं तरी पुस्तक हाती यायला दोन-दोन वर्षं सहज जातात. ही मुदत कुठल्याच लेखकाला पाळता येणार नाही.

आता तुमचा एक गैरसमज. ‘एवढा मोठा एजंट, फी तर घेणारच’ असं तुम्ही लिहिलंय. द्राक्षपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको : अडत्याची अडत सौदा झाल्यावर निघते, माल चाखून बघायची फी तो आधी मागत नाही. पुस्तकांच्या एजंटचंही तसंच. प्रकाशकाकडून लेखकाला जे मिळेल त्यातून तो साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्क विकले तर २० टक्क्यांपर्यंत. वाचण्याची फी घ्यायला अमेरिकेतल्या एजंटांच्या संघटनेच्या आचारसंहितेत मनाई आहे. ‘मोठे प्रकाशक, सिनेमावाले तयार आहेत, आधी एवढे भरा’ ही थाप तिकडेही जोरात चालते. अमेरिकेत सॅन दिएगोजवळच्या एका कंपनीवर आणि तिच्यासाठी फिलिपिन्समधून फोन करवणाऱ्यांवर खटला भरला गेला आहे. आरोप असा की ८०० हून अधिक लेखकांकडून त्यांनी चार कोटी डॉलरच्या वर रक्कम उकळली. त्यात वयस्कर माणसं पुष्कळ होती. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) किंवा कॉपीराइटच्या नावाखाली कुणी हजारो मागितले तरी देऊ नका. भारतात आयएसबीएन सरकारकडून मोफत मिळतो आणि कॉपीराइट लिहिताक्षणीच लेखकाचा होतो.

बँकेच्या परीक्षा पदवीनंतर तिला द्याव्याशा वाटल्या तर जरूर द्याव्यात. त्यासाठी लेखणी खाली ठेवावी लागत नाही. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात काम करत. पोटापाण्याची सोय वेगळी असावी, असं माझंही मत आहे. तीनशे रुपयांच्या पुस्तकाच्या हजार प्रती खपल्या आणि दहा टक्के मानधन मिळालं, तर हातात तीस हजार येतात, तेही कित्येक वर्षांच्या कामाचे. हा हिशेब तिला जरूर सांगा. पण तो लिहिणं बंद करायचं कारण म्हणून सांगू नका.

या काळात लिहिणाऱ्याला तग धरायला लावतो तो मन लावून वाचणारा माणूस. तिने शेडवरचं एखादं प्रकरण मराठीत कथा म्हणून लिहावं आणि दिवाळी अंकांकडे पाठवावं, उन्हाळ्यातच. नकार येतील, काही ठिकाणांहून उत्तरच येणार नाही. पण एखादा संपादक ‘शेवट घाईत उरकलाय, पुन्हा लिहा’ म्हणाला, तर त्या एका ओळीवर ती वर्षभर काम करील. मराठीत एजंट लागत नाही, हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं. पहिल्या पुस्तकासाठी राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. इंग्रजी कादंबरी वर्षभर बाजूला ठेवून नव्याने लिहावी. पहिल्या वीस पानांत ताकद आहे, पण सैलही आहेत.

भरलेल्या पाच हजारांसाठी आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं. त्या माणसाला उत्तर देऊ नका, आधार, पॅन काही पाठवू नका. ही तक्रार मुलीला शेजारी बसवूनच करा, तिच्यावर न रागावता. आणि तिला माझ्याशी बोलायचं असेल, तर पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, तुम्हाला न दाखवता.