विचारा की! : पांडुरंगाचा पांडू कुणी केला?

प्रश्न : ताई, माझं नाव पांडुरंग, वय २८, गाव पंढरपूरच्या बाजूचं, हिंजवडीत नोकरी आणि राहायला वारज्यात. ऑफिसमधली आम्ही पोरं बाईकवर निघालो की चांदणी चौकाच्या आसपास मागून कोणीतरी ओरडतंच, "हेल्मेट घाल रे, पुढे पांडू उभाय" आणि मग सगळे माझ्याकडे बघून खो-खो हसतात. आता तर कोणी काही माती खाल्ली तरी "काय पांडू आहेस यार" सुरू झालंय. मी हसून सोडून देतो पण आतून लागतं. आई मला पांड्या म्हणते त्याचं कधी काही वाटलं नाही, मग यांचंच का लागतं? मी जास्त सेन्सिटिव्ह आहे का? का ऑफिसात आपलं पीके म्हणा असं सांगून टाकू?
– पां., वारजे

उत्तर : पीके अजिबात नको. आणि सेन्सिटिव्ह वगैरे काही नाही हो, लागणारच. आपल्याकडे नावाच्या शेपटीला ‘या’ लावला, गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, की घरच्याच्या तोंडी तो लाड असतो आणि परक्याच्या तोंडी तोच माणसाला दोन पायऱ्या खाली उतरवतो. तुमच्या नावाचा जो मूळ मालक, विटेवरचा, त्यालापण हे चुकलेलं नाही. जनाबाई चिडली की अभंगात सरळ ‘विठ्या’ म्हणून त्याला झापते. पण तो तिच्या जात्याला हात लावणारा देव, तिचा तेवढा हक्क आहे. तुमच्या टीममधल्या कोणी तुमच्याबरोबर कुठलं दळण दळलंय? (पुणेकरांनी तर देवांनाही सोडलं नाही म्हणा, जिलब्या मारुती काय, खुन्या मुरलीधर काय, पासोड्या विठोबा काय. तो ‘या’ जरा वेगळा, सख्खा नाही पण चुलत भाऊ म्हणू.)

आता पांडूचं. १९७५ साली दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला, त्यातला पांडू लोकांनी डोक्यावर घेतला, ती शिवी नव्हती. पण मला नेहमी प्रश्न पडतो की पांडू हवालदारच का, कमिशनरला कोणी पांडू का म्हणत नाही? कारण हे नाव ज्या माणसाचं वाटतं तो गावाकडून आलेला, दिवसभर उन्हात उभा राहणारा, कमी पगाराचा असं आपण धरून चालतो. घरगडी कोणीही असो तो ‘रामा’, धुण्याभांड्याची बाई जोकमध्ये कायम ‘कांताबाई’, कोणीही उठून आला तर ‘सोम्यागोम्या’. यात एक तरी आरव किंवा विहान सापडतो का बघा. नावाला काही झालेलं नसतं, ते नाव ज्यांच्यात चालतं त्या लोकांना आपण आधी खाली बसवलेलं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. जर्मनीत केविन नावाचं असंच झालं, तिकडे ते गरीब घरातल्या पोराचं नाव समजतात. २००९ साली ओल्डेनबर्ग विद्यापीठात प्राथमिक शाळेच्या शिक्षकांची पाहणी झाली, त्यात एका शिक्षकाने लिहून दिलं की केविन हे नाव नाही, ते रोगनिदान आहे! पोरगं वर्गात पाय ठेवायच्या आधीच निकाल लागला की हो त्याचा. अमेरिकेत कॅरन म्हणजे ‘तुमच्या मॅनेजरला बोलवा’ म्हणून भांडणारी मध्यमवयीन बाई, कारण १९६५ च्या आसपास तिकडे ढिगाने मुलींची नावं कॅरन ठेवलेली आणि त्याच आता त्या वयाच्या आहेत.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे पुढच्या वेळी हसू नका. भांडू पण नका, फक्त हसू नका, तुमच्या हसण्यालाच ते परवानगी समजतायत. मग त्यातला जो जरा बरा आहे त्याला टपरीवर चहाला घेऊन जा आणि सांगा, "मला पांडुरंग म्हण, पांडू नको, मला आवडत नाही." एवढंच, कारणं देत बसू नका. एक फुटला की बाकीचे आपोआप गप्प होतात. आणि सिग्नलवरच्या माणसाला हाक मारायला पुण्यात ‘मामा’ आहे की चांगला, तो वापरा म्हणावं.

प्रश्न : रविवारी मुलाचं बारसं आहे. सासूबाईंना आजेसासऱ्यांचं धोंडीराम हे नाव हवंय. शाळेत पोरं याला दगड म्हणतील, मी कशी हो म्हणू?
– एक आई, सदाशिव पेठ

उत्तर : पूर्वी घरात मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव मुद्दाम धोंडू, दगडू, केरू, भिकू ठेवायचे. आपणच आधी कचरा म्हणून टाकायचं म्हणजे मृत्यूची नजर जायला नको, असा हिशोब. त्यामुळे सासूबाईंचा जीव त्या नावात अडकला असेल तर हसू नका. आणि रोज ज्या कर्वे रस्त्याने जाता तो धोंडो केशव कर्व्यांचाच, १९५८ साली भारतरत्न मिळालेला धोंडो.

तरीपण पोराला शाळेत तुम्ही पाठवणार, तेव्हा तुमचं पटतं मला. पाळण्यात घालताना आत्याला कानात धोंडीराम म्हणू दे, आजी खूश. जन्मदाखल्यावर तुम्हाला हवं ते लावा. फक्त फॉर्म स्वतः जाऊन भरा, सासऱ्यांच्या हातात देऊ नका.