पत्रे उडतात कशामुळे? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : श्रीवर्धनजवळ आमचं चिऱ्याचं घर आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्ध्याच्या वर पत्रे गेले. मग जाड पत्रे घातले, तरी मे संपत आला की आईला झोप लागत नाही. अजून काय करायचं?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : दादा, आईंची काळजी रास्त आहे, कारण पत्रा जाड केला तरी बाकीचं सगळं जुनंच असेल तर फार फरक पडत नाही. वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर ओढलं जातं, त्यात एखादी खिडकी फुटली किंवा मागचं दार उघडलं की आत घुसलेला वारा खालून ढकलायला लागतो, म्हणजे दोन्ही जोर एकाच दिशेला. निसर्गच्या वेळी वारे ताशी ११०-१२० किलोमीटरचे होते. एवढ्या वाऱ्यात दर चौरस मीटरला साधारण साठ किलोचा जोर बसतो, म्हणजे दहा फूट बाय तीन फुटाच्या एका पत्र्याला दीडशे किलोच्या वर, आणि पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोही नसतं! कडेला, कोपऱ्यात आणि आढ्यापाशी तर ओढ याहूनही जास्त असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो हेही लक्षात ठेवा.

वादळानंतर रायगडात पडलेले पत्रे हातात घेऊन बघितले तेव्हा बऱ्याच पत्र्यांना बोल्टच्या जागी लांबट फाटलेली भोकं होती. बोल्ट वर अँगललाच (पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीलाच) राहिलेले आणि पत्रा वॉशरमधून निसटून गेलेला. म्हणून वॉशर रुंद घ्या, खाली रबराचा किंवा डांबरी वॉशर हवाच, आणि पत्रा अँगलला धरणारे ‘J’ आकाराचे हुक गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) घ्या कारण खाऱ्या हवेत साधं लोखंड आतून खाऊन जातं आणि वरून रंगामुळे कळतही नाही. मधल्या भागात जेवढ्या अंतरावर हुक मारता त्याच्या निम्म्या अंतरावर वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही बाजूंच्या कडांना मारा. फॅब्रिकेटर म्हणेल एवढे कशाला, पण इथे ऐकू नका.

आता खरी मेख. पत्रा अँगलला धरून राहिला आणि अँगल भिंतीला नीट धरलेला नसला तर अख्खा सांगाडाच उचलला जातो. चिऱ्याच्या घरात हे फार होतं कारण अँगल सगळ्यात वरच्या चिऱ्यात घुसवून सिमेंट भरलेलं असतं आणि तो चिरा नुसता स्वतःच्या वजनावर बसलेला, तो पण सोबत वर जातो. भिंतींवर सगळीकडून फिरणारा आरसीसी पट्टा असेल तर त्यात अँकर बोल्ट मारून सांगाडा पक्का करा. पट्टा नसेल तर आधी तो करून घ्या, आणि तो भिंतीशी सळयांनी बांधलेला पाहिजे. खर्च आहे, पण पैसे तिथेच घाला, पत्र्याच्या जाडीत नको.

पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवा, एकसलग पत्रा ओढू नका. वारा पडवीखाली शिरून आधी तेच उचलतो, आणि सलग असलं की त्याच्यामागून मुख्य छप्पर सोलत जातं. वळचण दीड फुटाच्या बाहेर नको. आणि वादळात खिडक्या उघड्या ठेवल्या की दाब निघून जातो असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, सगळं घट्ट बंद ठेवायचं.

प्रश्न : आमचं सिंधुदुर्गात मंगळुरी कौलांचं जुनं घर आहे. सगळे म्हणतात कौलं काढून पत्रे घाला. घालू का?
– एक वाचक

उत्तर : ताई, वाऱ्याच्या भीतीने घालू नका. कौलं जड असतात आणि त्यांच्या फटींमधून थोडा दाब निघून जातो, त्यामुळे सुटली तरी बहुतेक कडेची सुटतात, अख्खं छप्पर जात नाही. मंगळुरी कौलाच्या खालच्या अंगाला भोक असलेला छोटा कान असतो, तो तार ओवायलाच ठेवलेला असतो पण आपल्याकडे कोणी तार ओवतच नाही. वळचणीच्या आणि बाजूच्या कडेच्या दोन-दोन ओळी गॅल्व्हनाइज्ड तारेने रिपांना बांधून घ्या, आढ्यावरची कौलं सिमेंटमध्ये बसवा. मात्र त्याआधी सुताराला घेऊन वासे टोकाशी टोचून बघा, वाळवी लागलेल्या वाशाला तार बांधून काय उपयोग.

प्रश्न : लातूरला गच्चीवर पत्र्याचं शेड आहे. वळवाच्या वाऱ्यात हलतं म्हणून वर वाळूची पोती आणि दगड ठेवलेत. ठीक आहे ना?
– एक वाचक

उत्तर : आजच उतरवा काका. वरचा हिशोब बघा, एक-दोन पोत्यांनी ती ओढ थांबत नाही, आणि पत्रा सुटला की तेच दगड खाली रस्त्यावर लोकांच्या अंगावर येतील. शेडच्या पाइपांच्या बेस प्लेट बघा. त्या बऱ्याचदा नुसत्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या थरात स्क्रूने धरलेल्या असतात, तो थर सुटतो. बोल्ट खालच्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्ये पोचला पाहिजे, आणि खांबांना तिरपे आधार लावा. हे काम हवा शांत असताना सकाळी उरकायचं, दुपारी ढग भरून आल्यावर पाना घेऊन वर चढायचं नाही.