तिसरा ड्रॉप नेमका कुणाचा?

प्रश्न : मुलीचे नीटचे दोन ड्रॉप झाले. यंदाही आमचे मार्क सरकारी कॉलेजला पुरले नाहीत. आम्ही तिसऱ्यांदा बसायचं ठरवलं आहे. पण ती म्हणते, पेशीवरच्या साखरेच्या साखळ्यांवर संशोधन करायचंय, त्यांचा कॅन्सरशी संबंध आहे. आमच्या कोल्हापूरकडे साखरेचं शिकलेला शेवटी कारखान्यावरच जातो. आणि कॅन्सरचं काम डॉक्टरांचं. माझी अँजिओप्लास्टी झालीय, टेन्शन सोसत नाही. तिला समजवा. – एक पालक

उत्तर : ‘आमचे मार्क’, ‘आम्ही बसायचं ठरवलं’... अहो, पेपर ती देते ना? दोन वर्षं कोंडून घेऊन अभ्यास केलेल्या मुलीला पुन्हा त्याच खुर्चीत बसवायचा निर्णय तिच्याशिवाय झालेला दिसतो. मला मार्कांपेक्षा याची काळजी वाटते. आणि स्पष्टच सांगतो, तुमच्या अँजिओप्लास्टीचा तिच्या करिअरशी संबंध जोडू नका. वडिलांच्या हृदयाचं ओझं घेऊन कुणाला फिजिक्सची गणितं सुटत नाहीत.

अँजिओप्लास्टीचा विषय निघालाच आहे तर, रक्त गोठू नये म्हणून तुम्हाला तेव्हा बहुधा हेपारिन दिलं असेल. ते साखरेच्या साखळीचंच औषध आहे! आणि तुमची मुलगी म्हणते त्या साखळ्यांत त्याचं सख्खं भावंड आहे, हेपरान सल्फेट. उसाच्या साखरेत दोन घटक असतात. यात अनेक घटकांची लांब माळ असते, तिच्यावर जागोजागी सल्फेट असतं आणि ती पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना जोडलेली असते. ग्रोथ फॅक्टर पेशीला वाढायचा निरोप देतो तो रिसेप्टरमार्फत, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनामार्फत, एवढंच आपण शिकलेलो असतो. १९९१ मध्ये हेपरान सल्फेट नसलेल्या पेशींवर प्रयोग झाला. रिसेप्टर होता, तरी एफजीएफ हा ग्रोथ फॅक्टर त्यावर नीट बसेना. हेपारिन घातल्यावर बसला. म्हणजे ही साखळी दोघांना एकत्र धरते. शिवाय पेशी तिच्यावरचे ठरावीक सल्फेट काढून टाकून एफजीएफचा निरोप मंद करू शकते. त्याच छाटणीने विंट नावाचा दुसरा निरोप मात्र जोर धरतो. कॅन्सरमध्ये हे निरोपच बिघडतात, म्हणून मुलीचं म्हणणं बरोबर आहे. या साखळ्या बनवणाऱ्या ईएक्सटी१ किंवा ईएक्सटी२ जनुकात दोष आला तर लहान मुलांच्या हाडांवर उंचवटे वाढू लागतात. यात साखर कारखाना कुठे आला?

कॅन्सरचं काम फक्त डॉक्टरांचं नाही. पेशीवरच्या शर्करांवर आयुष्य घालवलेल्या कॅरोलिन बर्टोझी यांना २०२२ चं नोबेल मिळालं, त्या रसायनशास्त्रज्ञ आहेत.

वाटा नेहमीच्याच : आयसर या विज्ञान संस्थांसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा (बारावीच्या वर्षाची अट आधी तपासा), नायसर आणि मुंबईच्या सीईबीएस या विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा, नाहीतर चांगल्या कॉलेजात केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्रीत बीएस्सी करून आयआयटी जॅम, म्हणजे एमएस्सीची प्रवेश परीक्षा.

मुलीलाही एक सांगायचंय. या विषयात ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडून पळता येत नाही. नीटच्या तयारीत तीच नकोशी झाली असेल, तर आधी विचार कर. पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं, जेआरएफ या संशोधन शिष्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये, आणि पुढे नोकरीची हमी नाही. हे वाचूनही करावंसं वाटत असेल, तर पुढचं पत्र तू लिही.

आणि बाबा, कोचिंगची फी भरली नसेल तर थांबा. भरली असेल तर उद्याच जाऊन परत मागा.