बर्फ पडायचा थांबून दोन दिवस झाले, कडक ऊन आहे. गुलमर्गला ठरलेल्या उतारांबाहेर स्कीइंग करायला हरकत नाही ना?

हरकत आहे. निदान 'ऊन आहे' एवढ्याच भरवशावर तरी जाऊ नका. हिमस्खलनाच्या (उतारावरचा बर्फ एकदम सुटून खाली येण्याच्या) दृष्टीने नवा बर्फ पडताना आणि नंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात वाईट, हे खरं. पण खरी गोम बऱ्याचदा खालच्या जुन्या थरात असते आणि ती वरून दिसत नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ जेमतेम वीतभर असतो आणि रात्री कडाक्याच्या. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास, वर उणे दहा-पंधरा. या फरकामुळे वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाचा बर्फ साखरेसारखा रवाळ होतो, एक दाणा दुसऱ्याला धरत नाही. मग जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी वादळी हवा) येतो, त्यावर दोन-तीन फूट बर्फ पडतो आणि वाऱ्याने दाबला जाऊन त्याची घट्ट लादी होते. तुम्ही तिच्यावर गेलात की खालचा रवा खचतो आणि अख्खी लादी सुटते. हिमस्खलनात सापडलेल्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा लादी त्यांनी किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी सोडवलेली असते.

म्हणून आभाळाकडे कमी आणि पायाखाली जास्त बघा. चालताना 'धप्प' असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळत गेली, तर तिथूनच परत फिरा. वारा कुठल्या बाजूने होता तेही पाहा. डोंगरधारेच्या आडोशाच्या बाजूला तो बर्फ आणून साठवतो, त्यामुळे हिमवृष्टी न होताही तिथला भार वाढतो. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार घातक. मोबाईलवरच्या कोनमापकाने मोजता येतात. आपण सपाटीवर आहोत म्हणून निर्धास्त राहू नका, डोक्यावर कोणता उतार आहे तेही बघा.

१ फेब्रुवारी २०२३ ला गुलमर्गच्याच अफरवट डोंगरावर, हापतखुड उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. आणि अनुभवाने हे टळतं असंही नाही: ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर गिर्यारोहण प्रशिक्षणाच्या तुकडीवर हिमस्खलन झालं, त्यात प्रशिक्षक सविता कंसवालही गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

गंडोलाच्या (रोपवेच्या) हद्दीतले उतार स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवरचं गस्ती पथक, तपासतं. हद्दीच्या दोरीपलीकडे तुमचं तुम्ही. जायचंच असेल तर डीजीआरई या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज पाहा. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरायचा सरावही. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची आशा असते. खालून मदत येईपर्यंत ती वेळ टळलेली असते. धोक्याच्या उतारावर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.

गाईड ठरवताना पैशांच्या आधी विचारा, 'गेल्या आठवड्यात खड्डा खणून थर कुठे पाहिलेत, आणि काय दिसलं?' उत्तरात जागा आणि थर सांगता आले नाहीत तर दुसरा गाईड शोधा.