सुताराची लेक आणि साडेतीन लाखांचा डिप्लोमा

पत्र: मी इचलकरंजीत 22 वर्षं सुतारकाम करतो. मुलगी कॉमर्समधून बारावीला आहे. इंटिरियर डिझायनर व्हायचं म्हणते. पुण्यातल्या एका संस्थेचा वर्षाचा डिप्लोमा आहे, फी साडेतीन लाख, 100 टक्के नोकरी देतो म्हणतात. रंग आणि पडदे निवडायला एवढे पैसे कशाला? आणि माझ्यासारखी भुशात उभी राहायला तिला शिकवलं का मी?

दादा, नमस्कार.

रंग आणि पडदे म्हणजे कामाचा शेवटचा आठवडा. त्याआधीचे दोन-तीन महिने जातात मापं, नकाशे, कोटेशन यांत आणि प्लंबर, वायरमन, फरशीवाला, सुतार नि रंगारी यांना एकमेकांच्या पायात येऊ न देण्यात. हे तुम्हाला मी काय सांगायचं? चुकीच्या नकाशावरून काम करून शिव्या तुम्हीच खाल्ल्या असतील.

ओट्याचंच घ्या. साधारण 32 ते 34 इंचांचा ओटा सगळीकडे सर्रास घालतात. घरातली बाई चार फूट दहा इंचांची असेल, तर वर शेगडी ठेवल्यावर कढईत बघायला तिला टाचा उचलाव्या लागतात. उंच बाई त्याच ओट्यावर पोळ्या लाटताना कमरेतून मोडते. चांगला डिझायनर आधी तिला उभं करतो, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप धरतो, मग पेन्सिल उचलतो. असलं काम मुलीला आवडेल का, ते आधी बघू.

माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याने साडेसात फुटी वॉर्डरोब अख्खा कारखान्यात बनवून घेतला. स्क्रीनवर देखणा होता. जिन्याच्या वळणावर अडकला आणि तिथेच, शेजाऱ्यांच्या देखत, कापावा लागला. तुमची लेक असल्या चुका कमी करेल. 8 बाय 4 च्या प्लायमधून किती तुकडे निघतात, सिंकखाली मरीन प्लाय का लागतो, हे तिने घरात बघितलंय. बाकीची मुलं ते नोकरीला लागल्यावर शिकतात, तेही गिऱ्हाइकाच्या पैशाने.

आता त्या जाहिरातीबद्दल. 'आर्किटेक्ट' ही पाटी लावायला 1972 च्या कायद्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला असं बंधन नाही. म्हणून पाटी कुणीही लावतो, आणि क्लासही कुणीही काढतो. संस्थेला विचारा, हा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा? मागच्या बॅचच्या दहा मुलांशी बोलायला मिळेल का? 'नंतर कळवतो' म्हणाले तर पैसे बँकेतच राहू द्या.

कॉमर्समुळे बी.आर्क.चं, म्हणजे आर्किटेक्टच्या पदवीचं, दार बंद, कारण तिथे बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं. बाकी बरंच उघडं आहे. राज्याच्या कला सीईटीतून चार वर्षांचं बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी, करता येतं. मुंबईच्या सर जेजे कला महाविद्यालयात त्यात इंटिरियर डेकोरेशनची शाखा आहे. ते आता अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा प्रवेशाची सूचना त्या-त्या वर्षीची वाचा. अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, फर्निचर आणि इंटिरियर शिकवतात, पण परीक्षा अवघड आहे, तयारीला वर्ष धरा. दहावीला गणित-विज्ञान होतंच, म्हणजे आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाचे नकाशे काढायचा कोर्सही चालेल. त्याला मिरवण्यासारखं नाव नाही, पण हातात ड्रॉइंग येतं आणि फी परवडते. मला विचाराल तर साडेतीन लाखांच्या डिप्लोमापेक्षा हे बरं.

नोकऱ्या फक्त बंगल्यांच्या नसतात. मॉड्युलर किचनची शोरूम, दुकानांचं फर्निचर, प्रदर्शनातले स्टॉल, मालिकांचे सेट, सगळीकडे माणसं लागतात. सुरुवातीचा पगार मात्र तुमच्या रोजंदारीपेक्षाही कमी वाटेल, हे मनाशी धरा.

राहिला भुशाचा प्रश्न. साइटवर तिलाही भुशात उभं राहावं लागेल, ते टळत नाही. फरक एवढाच, की ओट्याची उंची तुम्हाला दुसरा कुणी सांगायचा, ती स्वतः ठरवेल.

आधी एक करा. येत्या रविवारी तिला टेप द्या आणि स्वयंपाकघराचा नकाशा काढायला सांगा, खिडकी, नळ, स्विचबोर्ड सगळं धरून. मग आईला ओट्याशी उभी करून तिचंही माप घेऊ दे. ती दुपारपर्यंत कंटाळली, की संध्याकाळी दिवा लावून पुन्हा मोजत बसली, ते कळवा. शेवटी तुम्ही टेप लावा आणि तिच्या-तुमच्या मापात किती सुतांचा फरक येतो, तेही लिहा.