नवी बाईक घेता येत असताना लोक जुनी फटफटी अभिमानाने का चालवतात?

तुम्ही विचारलंय की हप्त्यावर नवी गाडी सहज मिळत असताना माणसं पस्तीस-चाळीस वर्षांच्या गाड्या का मिरवतात. सोबत असंही लिहिलंय की सिन्नरला काकांच्या पडवीत एक येझदी रोडकिंग उभी आहे, काका ती द्यायला तयार आहेत, पण घरचे म्हणतात भंगार कशाला आणतोस. मी नाशिकचा. सातपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे आणि वडिलांची रोडकिंग आजही चालवतो, म्हणून उत्तर देतोय.

आधी सरळ सांगतो. मला अभिमान आहे तो गाडी चालती ठेवल्याचा. नवी गाडी पैसे भरले की चालते, तिच्या चालण्यात आपला हात नसतो. आणि ते चांगलंच आहे, रोजच्या कामाला तशीच गाडी हवी. पण येझदी सकाळी दुसऱ्या किकला उठली तर त्यामागे कुणीतरी प्लग पाहिलेला असतो, ठिणगीचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट घासलेले असतात, टाकीत ऑइल मोजून घातलेलं असतं. ते कुणीतरी आपण असतो. कॉलेज रोडच्या सिग्नलला लोक वळून बघतात तेव्हा छान वाटतं, नाही म्हणणार नाही. पण ज्याने तयार, चकाचक केलेली गाडी दीड-दोन लाख मोजून आणली आणि बिघडली की टेम्पोत घालून पाठवली, त्याला यातलं अर्धंच मिळतं असं माझं स्पष्ट मत आहे.

येझदीच्या बाबतीत हे जास्तच खरं. म्हैसूरला रुस्तम आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा काढली, १९६१ पासून तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या, १९७३ पासून टाकीवर येझदी हे नाव आलं, रोडकिंग आली १९७८ मध्ये. १९९६ ला कारखाना बंद पडला. तोवर हीरो होंडा सीडी १०० सारख्या गाड्या लिटरला तिच्या दुपटीहून जास्त पळत होत्या, धुराचे नियमही कडक होत चालले होते, आणि टू-स्ट्रोक अडीचशे सीसीचा संसार अवघड झाला होता. २०२२ मध्ये येझदी नावाने नव्या गाड्या आल्या, पण त्या ३३४ सीसीच्या, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. त्यांचं काहीही जुन्या गाडीला बसत नाही. म्हणजे आज तुम्हाला रस्त्यावर जी जुनी येझदी दिसते ती जवळपास तीस वर्षं कंपनीशिवाय जगलेली आहे. तिला सर्व्हिस सेंटर नाही, वॉरंटी नाही. तिला जगवलंय मिस्त्री लोकांनी, लेथवाल्यांनी, पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांनी आणि न विकणाऱ्या मालकांनी. त्या साखळीत आपण एक आहोत, ही भावना शोरूममध्ये मिळत नाही.

वडील नाशिकरोडला सरकारी प्रेसमध्ये होते. त्या काळात प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, सातपूरच्या कंपन्या, इथल्या पार्किंगमध्ये राजदूत, बुलेट, येझदी यांच्याच रांगा असायच्या. आमच्या गाडीवर अख्खं कुटुंब त्र्यंबकला जायचं, मी टाकीवर बसायचो. आज तसं कुणी करू नये, पण तेव्हा ते सगळेच करायचे.

आता ही गाडी जवळून कशी असते ते सांगतो, कारण त्याशिवाय तुम्हाला ठरवता येणार नाही. डाव्या बाजूला एकच लिव्हर आहे, तोच किक आणि तोच गिअर. आत दाबून वर फिरवायचा की किक तयार होते. इंजिन सुरू झालं की पुन्हा खाली आणायचा, आता तो गिअर. शिवाय गिअरवर पाय दाबला की क्लच आतल्या आत आपोआप सुटतो, त्यामुळे हाताने क्लच न दाबताही गिअर पडतो. हे डोकं साठच्या दशकात चाललंय. आजही एखाद्या कॉलेजच्या मुलाला दाखवलं की तो खाली बसून बघतो. रिकाम्या चालीवर ती एकसारखी वाजत नाही, मध्येच ठोका चुकवते, पुन्हा पकडते. नवख्याला वाटतं बिघाड आहे. थ्रॉटल जरा दिला की सगळे ठोके एका ओळीत येतात आणि दोन्ही सायलेन्सर एका सुरात बोलायला लागतात.

बंद पडली तर विचारायचे प्रश्न तीनच. पेट्रोल येतंय का, ठिणगी पडतेय का, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब, आहे का. तिन्हींची उत्तरं रस्त्याच्या कडेला एका पान्यावर मिळतात. पेठ रोडला सावळघाटाच्या अलीकडे माझी गाडी एकदा फटफट करत बसली. प्लग काढला, टोपणात घालून हेडला टेकवला, किक मारली, तर ठिणगी पिवळी आणि मरतुकडी. म्हणजे पेट्रोलकडे बघायचं कारणच नाही. कव्हर काढलं, पॉइंटवर काळा थर आला होता. जाड कागदाची पट्टी दोन पॉइंटच्या मध्ये धरून ओढली, पुन्हा ओढली, कागद पांढरा निघेपर्यंत. मग फट पाहिली. ती पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान हवी, पॉइंट घासले की बदलते. पुन्हा किक, ठिणगी निळी. तोवर मागून टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप येऊन थांबली होती. चालवणारे पाटील उतरून शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, ‘आमच्या आबांकडे होती. द्राक्षाच्या औषधाचे कॅन बांधून बागेत न्यायचे.’ मग त्यांनी विचारलं किक मारू का. मारली. सुरू झाली. त्यांनी काही वेळ नुसता थ्रॉटलवर हात ठेवला आणि मग गेले.

असं नव्या गाडीवर होत नाही. नवी गाडी घाटात थांबली तर ती मीटरमधला दिवा दाखवते आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. तिचा दोष नाही, तिचं काम कमी धूर काढणं आणि कमी पिणं आहे आणि ते ती उत्तम करते. पण मालकाला ती आत येऊ देत नाही.

मला यातलं बहुतेक एका जुन्या मिस्त्रींनी शिकवलं. नाशिकच्या द्वारका चौकामागे त्यांचं छोटं गॅरेज होतं. गाडी उघडण्याआधी ते मालकालाच प्रश्न विचारत. धूर वाढलाय का? गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होतंय का? दोन्हीला हो म्हटलं की ते पिस्टनच्या रिंगला हातच लावत नसत. क्लचच्या बाजूचं क्रँकचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढतं आणि जाळतं, म्हणून धूर. उलट बाजूचं सील गेलं तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी आपोआप रेस व्हायला लागते. कितीतरी गाड्यांचे बोअर, म्हणजे सिलिंडरची भोकं, या दोन रबरी सीलांपायी विनाकारण वाढवले गेलेत. त्यांनी मला माझ्याच गाडीचं सील माझ्याच हातांनी बसवायला लावलं, स्वतः स्टुलावर बसून बघत राहिले. त्या दिवसापासून मी गाडीचा मालक झालो असं मी धरतो. आरसी माझ्या नावावर त्याच्या बऱ्याच आधी झाली होती.

चालवायचीही एक शिस्त आहे आणि ती मला आवडते. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, लिटरला साधारण तीस ते चाळीस मिली टू-टी ऑइल. पंपावर आधी ऑइल ओतायचं, मग पेट्रोल, म्हणजे नीट मिसळतं. आता गंमत बघा, कसारा घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली तर इंजिन जोरात फिरतंय पण पेट्रोल जवळपास जात नाही, म्हणजे ऑइलही जवळपास जात नाही. पिस्टन तापून धरू शकतो. म्हणून उतारावर अधूनमधून थोडा थ्रॉटल द्यायचा. ड्रम ब्रेक आहेत, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट ठेवायचं. सहा व्होल्टचा हेडलाइट आहे, रात्रीचा घाट टाळायचा. रस्त्याचा चढ, उतार, खड्डा, वारा सगळं आधीच बघायची सवय लागते. मी नव्या गाडीवरही त्यामुळे जास्त सांभाळून चालवतो.

आणि इथेच दुसरी बाजूही सांगायला हवी. ही गाडी धूर करते. टू-स्ट्रोकमध्ये थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल सायलेन्सरमधून बाहेर जाणारच, ती त्या इंजिनाची रचनाच आहे. म्हणून ती रोज मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये न्यावी असं मला वाटत नाही. माझी रविवारी निघते, कधी गिरणारे, कधी वणी, हिवाळ्यात सापुतारा. कामावर मी नव्या गाडीने जातो. तिला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकत नाही, १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते २०१९ पासून सक्तीचंच आहे, आणि पावसात ओल्या रस्त्यावर त्याची किंमत कळते. दोन्हीत भांडण लावायची गरज नाही.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. आवाज मोठा व्हावा म्हणून पोरं सायलेन्सरमधले आवाज दाबणारे बॅफल काढून फेकतात. त्याने गाडीची ओढ बिघडते आणि गल्लीतली म्हातारी माणसं दचकून उठतात. बॅफल काळे झाले की काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायचे, हातमोजे घालून, घासून परत बसवायचे. गाडीचा मूळ आवाज पुरेसा देखणा आहे.

तुमच्या गाडीबद्दल. आधी कागद बघा. आरसी बुक काकांच्याच नावावर आहे का, इंजिन आणि चासी नंबर त्यातल्याशी जुळतात का. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, त्याला तपासणी आणि पर्यावरण कर आहे. बरीच वर्षं उभी असेल तर ती संपलेली असणार, ते काम पूर्ण केल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी ‘व्हीए’ मालिका आली आहे, पण ती पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आणि रोजच्या वापराला तिच्यात परवानगी नाही. तुमच्या रोडकिंगला ती आत्ता लागूच होत नाही. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागेल, १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती आहे. एमएच सुरू व्हायच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर तो सोडू नका, मला तो टाकीवरच्या नावाइतकाच प्रिय आहे.

गाडीत पहिला धोका टाकीचा. उभ्या टाकीत तळाला गंज असतो, तो कार्बोरेटरमध्ये उतरला की तुम्ही महिनाभर चुकीच्या जागी बिघाड शोधाल. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुनी रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. पेट्रोलची नळी, टाकीखालच्या पेट्रोल कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची रबरं नवी टाका. आठवडाभर गाडी निघणार नसेल तर घरी पोचायच्या थोडं आधी कॉक बंद करा आणि कार्बोरेटर रिकामा होऊ द्या. रंगाची घाई करू नका. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तर तो राहू द्या, पैसे आधी क्रँक, सील, ब्रेक शू, वायरिंग आणि टायरवर घाला. प्लेटिंगवाले, लेथवाले आपल्या अंबड-सातपूरला आहेत, ते नंतरही होईल.

घरचे भंगार म्हणतात ना, त्यांच्याशी वाद घालू नका. आमच्याकडेही आई म्हणायची. गाडी रस्त्याला लागली तेव्हा तीच वडिलांच्या मागे बसून काळारामाला जाऊन आली.

आणि गाडी सिन्नरहून हलवण्याआधी एक दिवस काकांसाठी ठेवा. चोक कधी ओढायचा, थंड असताना किती किक, गरम असताना किती, कोणता गिअर अडतो, कोणत्या मिस्त्रीने कधी काय बदललं, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं आणि तुमच्या गाडीचं ते फक्त काकांना माहीत आहे. त्यांना शेजारी बसवून सगळं विचारून वहीत लिहून घ्या, शक्य असेल तर त्यांनाच किक मारून दाखवायला सांगा. टाकी साफ झाल्यावर काही अडलं तर इथेच विचारा, सातपूरपर्यंत आलात तर मी स्वतः बघून देईन.