क्रूझर घेऊ की आहे तीच चालवू?

प्रश्न : नमस्कार दादा. गाडी शिकले तेव्हापासून मी स्पोर्ट्स बाइकच चालवत आले. आता चाळिशी ओलांडली आणि अर्ध्या तासातच मनगटं भरून येतात, मान अवघडते. नवरा म्हणतो, पाय पुढे सोडून बसायची क्रूझर घे. मैत्रीण म्हणते, कच्च्या रस्त्यांवरही चालणारी उंच अ‍ॅडव्हेंचर घे. माझी उंची पाच फूट दोन इंच. वळणावर गाडी झुकवायची मजा मात्र सोडवत नाही. काय करू?

उत्तर : ताई, मनगटं जास्त कधी भरून येतात, मोकळ्या रस्त्यावर की गर्दीत? माझा अंदाज, गर्दीत. तुमच्या गाडीचं हँडल खाली, फूटरेस्ट मागे आणि वर, म्हणून धड पुढे कलतं. वेगात असताना समोरचा वारा छातीला टेकू देतो. वेग ताशी 30वर आला की तो टेकू जातो आणि सगळा भार तळहातांवर येतो. त्यात पाठ-पोट सैल सोडून बसलात तर बघायलाच नको.

तेव्हा आधी बिनखर्चाचं करून बघा. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि कोपरं इतकी सैल ठेवा, की कोंबडीच्या पंखांसारखी हलवता यावीत. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून घ्या. बोटं लिव्हरवर ठेवली की कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष दिसली पाहिजे, मनगट मुरडता कामा नये. बोल्ट सैल करायचे, फिरवायचं, पुन्हा आवळायचे, एवढंच काम. तरीही लोक यासाठी थेट गाडी विकायला काढतात!

आता क्रूझर. सीट साधारण 700 मिलिमीटरवर, दोन्ही पाय सपाट टेकतील, तेवढं सुख खरं. पण पाय पुढे गेले की भार माकडहाडावर येतो. खड्डा दिसला की आत्ता तुम्ही फूटरेस्टवर जोर देऊन किंचित उठता ना? पाय पुढे असताना तसं उठताच येत नाही. शिवाय बहुतेक क्रूझरचे मागचे शॉकअप फारसे दबत नाहीत, त्यामुळे धक्का थेट कण्यात. मनगट सुटलं नि कंबर धरली, म्हणजे आगीतून फुफाट्यात. दोन चाकांतलं अंतर जास्त आणि पुढचं चाक धरणारा फोर्क तिरका, म्हणून सरळ रस्त्यावर ही गाडी झक्क चालते. वळणावर जरा झुकवली की फूटरेस्ट रस्त्याला घासतात. तुम्हाला ती मानवणार नाही. नवऱ्याला एवढीच आवडत असेल तर त्यांनी स्वतःसाठी घ्यावी.

अ‍ॅडव्हेंचरवर बसणं सरळ, हँडल रुंद, मनगटं खूश. पण बहुतेकींची सीट 800च्या वर, आणि ते कळतं थांबताना. उतार, सैल खडी, मागे सामान आणि टेकलेला फक्त एका पायाचा चवडा. एका बाजूला सरकून पाय टेकवायचं तंत्र शिकता येतं, पण कच्चे रस्ते तुमच्या वाट्याला येणारच नसतील तर एवढा खटाटोप कशाला?

दोघांनीही सुचवली नाही ती सांगतो : साधी नेकेड, म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं आवरण नसलेली गाडी. उदाहरणच द्यायचं तर यामाहाची स्पोर्ट्स आर3 आणि नेकेड एमटी-03 बघा. इंजिन एकच, 321 सीसीचं, सीटची उंचीही सारखीच, 780 मिलिमीटर. बदलतं ते बसणं. एमटीचं हँडल उंच, त्यामुळे धड सरळ राहतं, आणि झुकवायची मजा शाबूत. खोट एकच, छातीवर वारा येतो आणि लांबच्या वेगवान प्रवासात तो दमवतो.

कुठलीही घ्या, शोरूममध्ये बसून पसंत करू नका. स्वतःचं हेल्मेट आणि बूट घालून निदान तासभर चालवा. गर्दीतून न्या, अरुंद रस्त्यावर यू-टर्न घ्या, बंद गाडी हाताने ढकलत मागे घ्या. आणि रात्री झोपेतही बोटांना मुंग्या येत असतील, तर शोरूमच्या आधी डॉक्टर.